खोली बघण्याचा कार्यक्रम

परदेशातल्या महागड्या शहरात राहायला जायचं असेल तर आधी दात दुरुस्त करून घ्यावेत. हे ज्ञान आमच्या घराला भाचीमुळे मिळालं. तिला झ्युरिकमध्ये नोकरी लागली, औषधं तपासायच्या एका प्रयोगशाळेत. तिकडे आधी गेलेल्या कुणीतरी तिला सांगितलं की तिथल्या दातांच्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा विमानाने घरी यावं, दात दाखवावेत आणि परत जावं, तेही स्वस्त पडतं. झालं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या भावाने पोरीचं तोंड उघडून बघायचं काम हाती घेतलं. अक्कलदाढ दुखत नव्हती तरी काढवली. "तितं दुखली तर?" म्हणाला. दुखत नसलेली दाढ काढल्यावर चार दिवस चांगली दुखली, तेव्हा तो दुकानातून उशिरा घरी येऊ लागला.

दातांमागून डोळे, डोळ्यांमागून केस. चष्मे दोन करायचे ठरलं होतं, भावाने तीन करवले. केस माझ्या भावजयीने इतके आखूड कापवून आणले की वर्षभर कात्रीचं तोंड बघायला नको. पोरगी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आत्या, मी नोकरीला चाललेय का दीक्षा घ्यायला?"

आमचं घर शुक्रवार पेठेत, पुण्यातल्या नव्हे, आमच्या चादरींच्या गावातल्या. खाली भाऊ आणि भावजय, वरच्या दोन खोल्यांत मी. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, त्याचं भांड्यांचं दुकान आहे. मी सहकारी बँकेतून निवृत्त झाले. लग्न झालं नाही. ही भाची माझ्या मांडीवर वाढली असं मी सगळ्यांना सांगते. भावजय म्हणते, अर्धी तुमच्या, अर्धी माझ्या. ते खरं आहे, पण मी अजून कबूल केलेलं नाही.

तर त्या दिवसांत भाऊ झ्युरिकमधल्या प्रत्येक गोष्टीची किंमत आधी रुपयांत करायचा आणि मग कुकरमध्ये. "अक्का, एक वेळ हाटेलात जेवलं तर तीन लिटरचा कुकर गेला की गं!" केस कापणं म्हणजे स्टीलचा डबा, झाकणासह. बसचा महिन्याचा पास म्हणजे इडलीपात्र आणि वर मिसळणाचा डबा. मी म्हटलं, मग तिला पैशांऐवजी भांडीच देऊन पाठव, तिथे वाटत फिरेल. तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. मला वाटतं, त्याने खरोखरच विचार केला.

घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा. शेंगाची चटणी तर इतक्या घरांतून आली की भावजय एकीची चटणी दुसरीला देऊन वाटेला लावू लागली. कडक भाकऱ्यांची चळत कपाटावर छतापर्यंत गेली. चादरी आल्या. पोरगी जीव तोडून सांगत होती की तिथे घरात थंडी वाजत नाही, भिंतीत गरम पाणी फिरवतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाणी फिरवतात ते फिरवू देत, चादर वरनं घे की."

हे सगळं गमतीत चाललं होतं. खरी अडचण निघाली खोलीची.

कंपनी तिला पहिले पंधरा दिवस राहायला जागा देणार होती. पुढे जिचं तिने बघायचं. आणि त्या शहरात राहायचा पत्ता नसेल तर तिथल्या कचेरीत नाव नोंदवत नाहीत, नाव नोंदवलं नाही तर राहायचा परवाना पुरा होत नाही, बँकेत खातं उघडत नाही. सगळं त्या एका पत्त्यावर अडलेलं. जागा तर अशी दुर्मिळ की एक खोली रिकामी झाली तर बघणाऱ्यांची रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत येते. म्हणून ती इथूनच शोधत होती. स्वतंत्र घर परवडणं शक्य नव्हतं. कुणाच्या तरी घरातली एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांत मिळून. अशा घरात आधीपासून राहणारे लोक निवडतात, कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही.

तिने किती जणांना लिहिलं देव जाणे. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका संध्याकाळी जेवताना ती शांतपणे म्हणाली, "खोली नाही मिळाली तर मी त्यांना नकार कळवणार. हॉटेलात राहून अख्खा पगार घालवायचा आणि घरून पैसे मागायचे, ते मी करणार नाही." एवढं बोलून ती आमटी वाढून घेऊ लागली. ही नोकरी तिने मागून मागून मिळवली होती. पुण्यातली एक कंपनी तिला बोलावत होती, तिथलं काम मात्र तिला नको होतं. भाऊ म्हणाला, "पुनं काय वाईट हाय?"

खोलीसाठी अर्ज करताना स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या असतात. भावाने हे ऐकलं आणि त्याला लगेच सगळं उमगलं. "म्हंजे बायोडाटा की!" तो बसून सांगायला लागला: उंची, शिक्षण, निर्व्यसनी, घराणं सुसंस्कृत, स्वतःचं दुकान, पेठेत स्वतःचं घर. "तिकडच्या लोकांना तुझ्या दुकानाचं काय?" मी विचारलं. "कळू दे की, पोरगी रस्त्यावरची न्हाय म्हनून." भाचीने ते सगळं गाळलं आणि फक्त शाकाहारी तेवढं ठेवलं. गंमत म्हणजे त्यावरच एक उत्तर आलं. साधारण माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनाही घरात मांस शिजलेलं चालत नव्हतं. त्यांनी लिहिलं, शनिवारी व्हिडिओवर बोलू, मी तुला बघते, तू खोली बघ.

हे वाक्य भाचीने आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, ही तिची चूक. बघते म्हटल्यावर आमच्या घरात काय होणार हे तिला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी भावजयीने दारात मोठी रांगोळी काढली. मधल्या खोलीतले अभ्रे बदलले. मैंदर्गीहून भावजयीचे थोरले भाऊ पहिल्या एसटीने आले, धुवट टोपी घालून. भाचीचे हे मामा. शेती करतात, आणि असल्या कार्यक्रमात मामा हवाच. भाची आंघोळ करून बाहेर आली तर आम्ही चौघं पलंगावर ओळीने बसलेलो. "हे काय?" ती म्हणाली. मामा म्हणाले, "बस बाळ, घाबरू नगं. आमी हाय की." पोहे झाले होते. बघणारी बाई समुद्रापलीकडे, तरी पोहे झाले होते.

भाचीचा फोन ऐनवेळी रुसला म्हणून भावाचा घेतला आणि तांब्याला टेकवून ठेवला. पलीकडे त्या बाई दिसल्या. पांढरे केस नीट विंचरलेले, गळ्यात निळा रुमाल, ओठांना जरा रंग. त्या एका मुलीशी बोलायला बसल्या होत्या आणि समोर पाच तोंडं. क्षणभर त्या मागे सरकल्या. मग हसल्या. भाची इंग्रजीत म्हणाली, "माफ करा, हे माझं कुटुंब आहे." त्या म्हणाल्या, "सगळे येणार आहेत का?"

दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. बँकेत कर्जाची पत्रं लिहून लिहून माझं इंग्रजी जरा कडक झालेलं आहे, पण चालतं. मामांनी सुरुवात केली. "घरात मानसं किती? पानी कवा येतं?" बाईंनी सांगितलं, पाणी चोवीस तास येतं. मामांनी माझ्याकडे संशयाने बघितलं, मी भाषांतर चुकले असं त्यांना वाटलं असावं. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो. मग बाईंनी फोन हातात घेऊन घर दाखवलं. स्वयंपाकघर, फुलझाडांची गॅलरी, भाचीसाठीची खोली, एक पलंग, एक खिडकी, खिडकीतून झाड. भावजय हळूच म्हणाली, "एष्टु छंद अद!" म्हणजे किती छान आहे! माहेरची कन्नड तिच्या तोंडात दोनच वेळा येते, फार आवडलं तर आणि फार राग आला तर. न्हाणीघर दाखवल्यावर मामांनी ते पुन्हा दाखवायला लावलं, कारण त्यात बादली दिसत नव्हती.

बाई नियम सांगू लागल्या. कपडे धुवायचं यंत्र सगळ्या इमारतीत एकच, ज्याचा त्याचा वार ठरलेला. कचरा शहराच्या ठराविक पिशवीतच टाकायचा आणि ती पिशवी विकत घ्यायची. "कचरा टाकायला पैशे?" भाऊ ओरडला. भावजय म्हणाली, "सुम्न कुंद्री," म्हणजे गप्प बसा. रविवारी कपडे धुवायचे नाहीत, ठोकाठोक करायची नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकायला जायचं नाही. हे मामांना एकदम पटलं. "बराबर हाय. आमी बी सोमवारी बैल जुपत न्हाय." मी ते भाषांतर करून सांगितलं. बाईंनी विचारलं, बैलांना सोमवार कळतो का? मामा म्हणाले, "कळतो म्हंजे! जुपायला गेलं तर हालत न्हाय." त्या मोकळेपणाने हसल्या. भाची पण हसली. मला वाटलं, जमलं.

इतक्यात फोनची बॅटरी उतरत आली. मामा म्हणाले, "तू जा आत. आता मोट्या मानसांचं बोलनं." मुलगी बघून झाली की तिने आत जायचं, पुढचं मोठी माणसं बोलतात, ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की त्यांनी ते सहज सांगितलं, आणि भाची हसत हसत चार्जर आणायला वर गेली.

बाई मला म्हणाल्या, "मला मुलगी आवडली. खोली तिची समजा. तुमचा होकार असेल तर आत्ताच सांगा, बाकीच्यांना मी येऊ नका म्हणते." मी ते मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द. आणि मी पुन्हा फोनकडे वळायच्या आत भावाने घसा साफ केला, पुढे वाकला आणि गिऱ्हाइकाशी बोलतो त्या इंग्रजीत म्हणाला, "थँक्यू मॅडम. वी विल डिस्कस अँड इन्फॉर्म." दोन्ही हात जोडले आणि अंगठ्याने फोन बंद केला.

आमच्याकडे एकदम हो म्हणत नाहीत. समोरचं स्थळ कितीही आवडो, घरी जाऊन, चार दिवस जाऊ देऊन, मग निरोप. ताबडतोब हो म्हणणाऱ्यांकडे काहीतरी खोट असणार, मुलीत नाहीतर घरात, असं धरून चालतात. मामांनी मान डोलावली. "बेस झालं. लगी लगी हो म्हनू न्हाय." मी भावाला म्हटलं, "अरे शहाण्या, ती सून करून घेत नाहीये, खोली देतेय!" तो म्हणाला, "म्हनून काय आपली किंमत घालवायची व्हय?"

भाची चार्जर घेऊन खाली आली. "काय म्हणाल्या?"

मामा म्हणाले, "पसंत केलं की तुला! आमी कळवतो म्हनलंय."

तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिने परत फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. बाईंकडे दुपारभर दुसरे लोक खोली बघायला येणार होते. तिने निरोप पाठवला की वडिलांचा गैरसमज झाला, मला खोली हवीच आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी सौम्य. घरच्यांना विचार करायचा आहे हे मी समजू शकते. मागे एक मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध माझ्याकडे राहायला आली होती, महिन्याच्या आत आईवडिलांनी तिला परत नेलं आणि मी तशीच अडकून पडले. तुझ्या घरच्यांची मर्जी नसेल तर मला ते नको. मंगळवारी आणखी दोघं येणार आहेत, त्यांतून बघेन.

त्या दिवशी मामा संध्याकाळच्या एसटीने गेले, जाताना भाचीच्या डोक्यावर हात ठेवला, तिने तो ठेवू दिला, एवढंच. भाऊ म्हणाला, "पुन्याचं हाय की अजून." भावजयीने यावर कन्नडमध्ये जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. सोमवारी सकाळी तो चहा न घेताच दुकानात गेला. भाची वर माझ्या खोलीत आली आणि लॅपटॉप उघडून कंपनीला नकाराचं पत्र लिहायला बसली.

मला भावाचा राग आला होताच, पण सारखी आठवत होती ती निळ्या रुमालवाली बाई. 'कळवतो' हा शब्द मी फार जवळून ओळखते. मला बघायला पुष्कळ लोक आले. पोहे खाल्ले, घर छान आहे म्हणाले, चप्पल घालताना कळवतो म्हणाले. त्यातल्या एकांचं उत्तर यावं असं मला फार वाटत होतं. माणूस साधा होता, बोलताना खाली बघत होता. त्यांनी आजवर कळवलेलं नाही. पुढे मी हे सगळं हसण्यावारी नेलं, बँकेत तर त्याच्या नकला करून दाखवायची. पण त्या वेळी मी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात काहीतरी काम काढत असे, आणि ते दिवस वाईट होते.

मी भाचीला म्हटलं, "ते पत्र राहू दे. त्या बाईंना फोन लाव, मी बोलते."

बाईंनी उचलला. मी माझ्या कडक इंग्रजीत सांगितलं की मी मुलीची आत्या, शनिवारी बोलत होते तीच. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, माझं न्हाणीघर तुमच्या माणसांना आवडलं नाही. दोनदा बघितलं ना त्यांनी." मी म्हटलं, ते बादली शोधत होते. मग त्या बोलत गेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घर सोडवत नाही आणि एकटीला भाडं झेपत नाही, म्हणून खोली देतात. प्रत्येक वेळी दोन दिवस घर पुसतात. तरुण मुलं येतात, खोली बघतात, बाईंना बघतात, कळवतो म्हणतात. "जागा कितीही दुर्मिळ असो, माझ्यासारख्या म्हातारीबरोबर राहायला कुणाला आवडणार? तुम्ही एवढे सगळे हसत होता, म्हणून मला वाटलं यावेळी जमेल. मग तुमच्या भावाने फोन बंद केला."

मी त्यांना आमची रीत समजावून सांगितली. एकदम हो म्हटलं तर आमच्यात खोट आहे असं लोक समजतात, म्हणून आम्ही आवडलं तरी थांबतो. त्या बराच वेळ हसल्या. "म्हणजे ते कळवतो खरं होतं?"

"खरं होतं."

"मग विचार झाला का तुमच्या घरात?"

"झाला," मी म्हटलं. "पसंत आहे." इंग्रजीत जे सुचलं ते म्हटलं, आणि मग कुणाला कळो न कळो, मराठीतही म्हटलं. भाचीने मला मागून घट्ट मिठी मारली, फोन पडता पडता राहिला. ती रडत होती का हसत होती मला कळलं नाही, कारण मला स्वतःचंही कळत नव्हतं.

दुपारी भाऊ दुकानातून आला तो थेट जिना चढून वर. गुडघ्यांमुळे तो वर येत नाही, काही सांगायचं असलं की खालून हाक मारतो. भाची खाली आईला सांगायला गेली होती, तिचा आवाज वरपर्यंत येत होता. तो माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला.

"सांगून टाकलंस व्हय अक्का?"

"टाकलं. सगळ्या घराला पसंत आहे म्हणाले."

"बरं केलंस." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "ते रीतबीत काय न्हवतं गं. मामाला पटलं म्हनून मी बी तसंच रेटलं. त्या बाईनं इचारलं आनि मला दिसलं, आता हो म्हटलं की पोरगी गेली. तोंडातनं हो निघंना. मग जे इंग्लिश येत हुतं ते बोललो."

मी काहीतरी खोचक बोलणार होते. त्याऐवजी त्याला पाण्याचा पेला दिला.

"तुला खरंच पसंत हाय का गं तिचं जानं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.